नॉइज म्हणून टाकलेलं पाणी : रडारला ओली फरशी कशी कळते?

गावी गेले की एक प्रश्न ठरलेला असतो, "पीएचडी कशात करतेस?" पाथर्डीच्या घरी मी पहिल्यांदा सांगितलं की रोबोटला ओली फरशी ओळखायला शिकवतेय, रडार वापरून, तेव्हा आजी म्हणाली, "त्यात काय शिकवायचं गं? पाय घसरला की कळतंच की!" सगळे हसले. मावशी मात्र हसली नाही. ती एका दवाखान्यात साफसफाईचं काम करते. आदल्या वर्षी दुसऱ्या कोणीतरी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर घसरून तिचं मनगट मोडलं होतं. 'फरशी ओली आहे' अशी पाटी होती, पण ती दाराच्या पलीकडे. हात गळ्यात आणि रोजंदारी बंद, असे तिचे तीन महिने गेले.

माझा विषय तिथून सुरू झाला, असं म्हटलं तरी चालेल. पण आज मी विषयाचं कौतुक सांगणार नाही, त्याचा इतिहास सांगणार आहे. कारण माझ्या पहिल्या अडीच महिन्यांच्या मोजणीत कोरडी फरशी आणि ओली फरशी एकसारखीच येत होती. सेन्सर चांगला होता, कोडही चालत होता. चूक कुठे आहे ते कळलं नव्हतं. ती सापडली जुने पेपर आणि जुन्या गोष्टी वाचताना. पेटची किंवा नेट-सेटची तयारी करणाऱ्यांना 'इतिहास म्हणजे सिनॉप्सिसच्या पहिल्या दोन पानांची भरती' असं वाटतं. मलाही तसंच वाटायचं.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. दवाखान्यात औषधं पोचवणारा किंवा गोदामात खोकी वाहणारा रोबोट फरशीवरचं पाणी कसं ओळखणार? कॅमेऱ्याला स्वच्छ पाण्याचा पातळ थर जवळजवळ दिसतच नाही, उलट चकचकीत कोरडी फरशी ओली वाटते. रात्री दिवे बदलले की सगळं गणित बदलतं. लेझरचा किरण गुळगुळीत पाण्यावर पडून पुढे निघून जातो, परत येत नाही. मग उरतं रडार : रेडिओलहर सोडायची, परत आलेली लहर मोजायची. या लहरींना पाण्याचा रंग किंवा पारदर्शकपणा कळत नाही, पण पाण्याचा रेणू मात्र फार जवळून कळतो.

पाण्याचा रेणू वेगळा का?

पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण असतं. बाहेरून विद्युतक्षेत्र लावलं की तो त्या दिशेला वळायला बघतो. पदार्थ अशा क्षेत्राला किती प्रतिसाद देतो याचं माप म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक. हवेचा जवळजवळ १, कोरड्या मातीचा ३ ते ४, सिरॅमिक फरशीचा साधारण ५-६ आणि खोलीच्या तापमानाला पाण्याचा सुमारे ८०. रोजच्या वापरातल्या पदार्थांत एवढा मोठा फरक क्वचितच दिसतो. रडारचं पाण्याशी नातं या एका आकड्यात आहे.

पण हा ८० कायम राहत नाही. क्षेत्र फार वेगाने उलटसुलट होऊ लागलं की रेणूला वळायला वेळ पुरत नाही. पीटर डिबाय यांनी ध्रुवीय रेणूंच्या या वागण्याचा सिद्धांत मांडला, १९२९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि १९३६ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. साध्या पाण्याच्या बाबतीत रेणूंची ही दमछाक २० गिगाहर्ट्झच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि तिथे पाणी लहरींची ऊर्जा जोरात शोषतं. जाता जाता एक गैरसमज दूर करते. मायक्रोवेव्ह ओव्हनची २.४५ गिगाहर्ट्झ ही काही पाण्याची 'खास' वारंवारता नाही. तिथे शोषण बेताचं असतं, म्हणूनच लहर अन्नात थोडी आत शिरते. मुलाखतीत हा प्रश्न विचारतात, लक्षात ठेवा.

कोलकात्यातल्या पाच मिलिमीटरच्या लहरी

माझ्या टेबलावरच्या सेन्सरची लहर सुमारे चार मिलिमीटरची आहे. एवढ्या छोट्या लहरी सर्वांत आधी हाताळणाऱ्यांपैकी एक म्हणजे जगदीशचंद्र बोस. १८९५ च्या सुमारास कोलकात्यात, प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये त्यांनी पाच मिलिमीटरपर्यंतच्या लहरी तयार केल्या. त्यांच्यासाठी नळकांडी, भिंगं, प्रिझम, जाळ्या अशी सगळी साधनं हाताने बनवली. लहरीचं ध्रुवण, म्हणजे विद्युतक्षेत्र उभं आहे की आडवं, हे तपासायला त्यांनी तागाचे पीळ दिलेले जुडगे वापरले. रेल्वेच्या जाडजूड वेळापत्रकाच्या पानांत कथलाचे पातळ पत्रे घालून तेही वापरलं. प्रयोगशाळेत उपकरण नाही म्हणून हातावर हात धरून बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वेळापत्रक आठवावं.

पण तेव्हा या छोट्या लहरींना गिऱ्हाईक नव्हतं. जगाला दूरवर संदेश पाठवायचे होते, आणि ते लांब लहरींनी जमत होतं. १९०४ मध्ये जर्मनीत ख्रिस्तियान ह्युल्समायर यांनी रेडिओलहरींनी जहाज ओळखण्याचं यंत्र दाखवलं. त्यालाही कोणी फारसं विचारलं नाही. रडारला खरी गती आली ती दुसऱ्या महायुद्धात.

पाण्याने बिघडवलेलं रडार

युद्धात लहर जितकी छोटी तितकं चित्र नेमकं, म्हणून सगळे छोट्या लहरींच्या मागे लागले. दहा सेंटिमीटर झाले, तीन झाले, मग सव्वा सेंटिमीटर, म्हणजे २४ गिगाहर्ट्झ. इथे पाणी आडवं आलं. हवेतली वाफ २२ गिगाहर्ट्झच्या जरा वर लहरी शोषते. (ही वाफेच्या सुट्या रेणूंची गोष्ट, वरची डिबाय यांची द्रवातल्या पाण्याची. दोन्हींत गल्लत करू नका.) भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हॅन व्लेक यांनी हा धोका आधीच वर्तवला होता. तरी सव्वा सेंटिमीटरची रडारं बनली आणि दमट हवेत त्यांचा पल्ला आखडला. नंतर त्या 'के' पट्ट्याचा मधला भाग बाजूला ठेवून खालचा 'केयू' आणि वरचा 'केए' असे दोन पट्टे वापरात रूढ झाले. डिश टीव्हीच्या जाहिरातीत 'केयू बँड' ऐकलं असेल. त्या नावातला 'यू' म्हणजे त्या अडचणीच्या जागेच्या खालचा.

दुसरी तक्रार पावसाची. विमान शोधायला लावलेल्या रडारच्या पडद्यावर पावसाच्या सरी ढगळ ठिपक्यांसारख्या दिसायच्या आणि विमान त्यात हरवायचं. रडारवाल्यांच्या भाषेत हा 'क्लटर', म्हणजे नको असलेला परतावा. तो घालवायचा कसा, यावर डोकं लढवलं जात होतं. पण काहींनी उलटा विचार केला : पाऊस दिसतोय, तर तोच मोजू. १९४८ मध्ये कॅनडात मार्शल आणि पामर यांनी पावसाच्या थेंबांच्या आकारांचं वितरण मांडलं. परताव्याच्या ताकदीवरून पाऊस किती पडतोय याचा अंदाज बांधायला त्याने पाया मिळाला. एका माणसाचा क्लटर दुसऱ्याचा विषय झाला.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी गावात दिसलं होतं. २०१५ साली मी बारावीच्या आसपास होते. पाथर्डी हा तसा कायमचा दुष्काळी तालुका, त्यात ते वर्ष फारच वाईट. टँकरच्या खेपा, ऊसतोडीला लवकर निघालेल्या गाड्या, सगळं आठवतं. त्या वर्षी मराठवाड्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला आणि त्यासाठी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, विभागीय आयुक्त कार्यालयाच्या इमारतीवर रडार बसवलं गेलं. कोणत्या ढगात पाणी आहे ते रडार सांगणार आणि मग विमान तिकडे जाणार. आमच्याकडे पारावर चर्चा एकच, "यंत्राला ढगातलं पाणी दिसतंय म्हणे." मला तेव्हा प्रश्न पडला होता, दिसतं म्हणजे काय दिसतं? वर्गात विचारायचा धीर झाला नाही. मला वाटतं, मी अजून त्याच प्रश्नावर काम करतेय.

जमिनीतलं पाणी

वाफेचीही अशीच गोष्ट झाली. ज्या वारंवारतेने युद्धातली रडारं अडवली, तीच पुढे वाफ मोजायला वापरली गेली. ७ जून १९७९ ला सोडलेल्या भारताच्या भास्कर-१ उपग्रहावर 'समीर' नावाचं उपकरण होतं. ते १९.३५ आणि २२.२३५ गिगाहर्ट्झवर पृथ्वीकडून येणारं मंद उत्सर्जन ऐकायचं. यातला दुसरा आकडा म्हणजे बरोबर वाफेची ती रेषा. 'समीर' हे रडार नव्हतं, ते स्वतः लहर सोडत नव्हतं. लहर सोडून परतावा टिपणारा, देशात बनलेल्या रडारचा उपग्रह म्हणजे रिसॅट-१, तो २६ एप्रिल २०१२ ला गेला. आणि ३० जुलै २०२५ ला गेलेला निसार हा इस्रो आणि नासाचा संयुक्त उपग्रह दोन रडारं घेऊन फिरतोय. एकाची लहर सुमारे २४ सेंटिमीटरची, दुसऱ्याची साधारण दहा. बारा दिवसांत एकदा तो त्याच जागेवर परत येतो. त्याच्या कामांपैकी एक म्हणजे मातीतला ओलावा.

मातीचा ओलावा रडारला कळतो कारण कोरड्या मातीचे ३-४ आणि पाण्याचे ८० यांची सरमिसळ. १९८० मध्ये कॅनडातल्या टॉप, डेव्हिस आणि ॲनन यांनी वेगवेगळ्या मातींवर मोजून दाखवलं की डायइलेक्ट्रिक स्थिरांकावरून मातीतलं पाणी बऱ्यापैकी नेमकं काढता येतं. त्यांची पद्धत अशी : तारेतून एक झटपट स्पंद पाठवायचा आणि टोकाकडून किती वेळाने, कसा परत येतो ते बघायचं. म्हणजे केबलमधलं रडारच.

हीच पद्धत शेवगाव-पैठण मार्गे आमच्यापासून दोन-तीन तासांवर, औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात द्रवांसाठी वापरली गेली. प्रा. एस. सी. मेहरोत्रा यांच्या गटाने १९९० च्या दशकात पाण्यात अल्कोहोल आणि इतर द्रव मिसळल्यावर रेणूंचं वळणं कसं बदलतं, याची मोजमापं केली आणि ती आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापून आली. फरशी पुसायच्या बादलीत नुसतं पाणी नसतं, फिनाइल असतं, साबण असतो. त्यात लहर कशी वागेल हा प्रश्न पडला तेव्हा मी परदेशी पेपर शोधत बसले होते. मिश्रणांकडे कसं बघायचं हे ज्या परंपरेने शिकवलं, ती इतकी जवळ आहे हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. तुम्ही विषय घेताना आपल्या आसपासच्या विद्यापीठांचे जुने प्रबंध आधी बघा. शोधगंगेवर चकरा मारायला पैसे लागत नाहीत.

काळं दिसणारं पाणी

आता एक विसंगती. पाण्याचा स्थिरांक मोठा, म्हणजे परतावा जास्त, म्हणजे पाणी रडारच्या चित्रात उजळ दिसायला हवं. पण ऑगस्ट २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरासारख्या वेळी उपग्रहांच्या रडार चित्रांवरून जे नकाशे करतात, त्यांत पुराचं पाणी काळं दिसतं. का? कारण उपग्रह तिरका बघतो. शांत पाणी आरशासारखं असतं, ते बरीचशी लहर पुढच्या बाजूला फेकून देतं आणि परत काहीच येत नाही. खडबडीत जमीन मात्र सगळीकडे थोडीथोडी उधळते.

आजी शेणाने जमीन सारवायची तेव्हा वाळली का बघायला उभ्याने बघायची नाही. उंबऱ्यापाशी बसून, मान खाली घालून, दाराच्या उजेडाकडे तिरकं बघायची. ओली जागा चमकायची. ती उजेडाच्या समोरून बघत होती, उपग्रह मात्र उजेड सोडतो त्याच जागी बसून बघतो. म्हणून तिला ओलं चमकताना दिसायचं आणि उपग्रहाला काळं. पाणी तेच असतं, बसायची जागा बदलली की उत्तर उलटं होतं.

रस्त्यांवर काम करणाऱ्यांनी हेच वापरलं. २००९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी गाडीच्या २४ गिगाहर्ट्झ रडारने रस्ता कोरडा, ओला की बर्फाळ हे ओळखण्याचा अभ्यास छापला. उभ्या आणि आडव्या ध्रुवणातल्या परताव्याचं गुणोत्तर बघायचं, हा त्यातला एक मुख्य मार्ग. म्हणजे बोस यांच्या तागाच्या जुडग्यांपाशीच परत आलो. त्यानंतर गाड्यांसाठी ७७ गिगाहर्ट्झचे सेन्सर एका चिपवर आले, स्वस्त झाले आणि आमच्यासारख्यांच्या हातात पडले. भारतात यालाही एक आडवळण आहे. २०१९ मध्ये गुगलचा पिक्सेल ४ हा फोन भारतात विकायला आला नाही, कारण त्यातलं छोटं रडार ६० गिगाहर्ट्झवर चालायचं आणि त्या पट्ट्याची इथे मोकळीक नव्हती. सेन्सर निवडताना परवानगीचा पट्टा आधी तपासा.

माझी चूक

आता ठरल्याप्रमाणे चुकीकडे येते. मी सेन्सर रोबोटच्या पोटाखाली, फरशीकडे सरळ खाली तोंड करून लावला होता. ढोबळ हिशोब असा : कोरडी सिरॅमिक फरशी सरळ पडणाऱ्या लहरीची साधारण १६ टक्के ऊर्जा परत पाठवते. ७७ गिगाहर्ट्झला पाण्याचा स्थिरांक ८० वरून खूप खाली, १० च्या आसपास येतो, पण शोषण जबर असतं. दोन्ही धरले की पुरेसं जाड पाणी ४५ टक्क्यांच्या आसपास परत पाठवतं. जवळजवळ तिप्पट फरक! आणि 'पुरेसं जाड' म्हणजे किती? या वारंवारतेला लहर पाण्यात जेमतेम एक-दोन दशांश मिलिमीटर शिरते. म्हणजे पोछा मारल्यावर उरणारा पातळ थरही तिला जाणवायला हवा. निसारच्या २४ सेंटिमीटरच्या लहरीला एवढा थर खिजगणतीतही नाही. तिला मातीत शिरायचं असतं, मला वरच थांबायचं होतं. तरीही माझ्या आलेखात काहीच फरक दिसत नव्हता.

युद्धातल्या क्लटरबद्दल वाचत होते तेव्हा डोक्यात घंटा वाजली. मी इंटरनेटवरून घेतलेल्या प्रक्रियेत एक नेहमीची पायरी होती : प्रत्येक फ्रेममध्ये सारखंच येणारं जे असेल ते सरासरी काढून वजा करा. ही पायरी माणसं आणि गाड्या शोधणाऱ्यांसाठी लिहिलेली. त्यांना हलणारं हवं असतं, भिंत आणि जमीन नको असते. माझी फरशी तर सेन्सरपासून कायम तितक्याच अंतरावर. रोबोट पुढे सरकला तरी ते अंतर बदलत नाही. म्हणजे फरशीचा परतावा प्रत्येक फ्रेममध्ये सारख्याच जागी, आणि तो मी रोज प्रामाणिकपणे वजा करून टाकत होते. प्रत्येक फरशीच्या तुकड्याची मोजणी वेगळी, त्यामुळे ओल्या तुकड्याची सरासरीही त्याच्यासोबत वजा. उरत होता तो खरा नॉइज आणि मी त्यात पाणी शोधत होते.

दुसऱ्या दिवशी गाइडसमोर आलेख ठेवला तेव्हा सरांनी एकच विचारलं, "कच्चा डेटा कधी बघितला होता?" मी गप्प. कच्चा डेटा उघडला, ती पायरी काढली, तर ओली फरशी वेगळी दिसत होती. अडीच महिने ती माझ्या हार्ड डिस्कवर पडून होती.

काम इथे संपलेलं नाही. सेन्सरच्या अँटेनातून थेट गळणारा सिग्नल इतक्या जवळच्या परताव्यात मिसळतो. पॉलिशचा ग्रॅनाइट आणि शहाबादी फरशी यांचे कोरडेपणीचे आकडेच वेगळे असतात. धातूची पट्टी आली की ती पाण्यापेक्षाही उजळ दिसते. म्हणून नुसत्या ताकदीवर न थांबता दोन ध्रुवणं आणि तिरका कोन यांच्याकडे मी आता वळलेय.

संशोधनाच्या वाटेवर येणाऱ्यांना माझ्याकडून दोनच गोष्टी. कोणाचीही तयार प्रक्रिया घेताना तिच्यातली प्रत्येक पायरी काय टाकून देते, ते वहीत लिहा, आणि ती मूळ कोणासाठी लिहिली होती तेही लिहा. आणि विषय सुचत नसेल तर जुन्या पेपरांत 'हे त्रासदायक होतं म्हणून वगळलं' अशी वाक्यं शोधा. वाफ, पाऊस, फरशी, या तिन्ही गोष्टी कोणीतरी कधीतरी वगळल्या होत्या.

दिवाळीत घरी गेले तेव्हा लॅपटॉपवर मावशीला दोन रेघा दाखवल्या, एक कोरडीची, एक ओलीची. तिने बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "हे यंत्र पाटी दाराच्या अलीकडे ठेवंल का?" मी म्हटलं, पाटीची गरजच लागणार नाही, यंत्र आधीच सांगेल. ती म्हणाली, "आधी सांगितलं तर बरं." सिनॉप्सिसमध्ये संशोधनाचा उद्देश लिहायला मला दीड पान लागलं होतं.